रस प्यायला म्हणून गोळी बंद नको

नंदूकाका: मेधा, गाउट निघालाय, ते सांध्यांचं दुखणं. रक्तात युरिक अ‍ॅसिड डेसिलिटरमागे ८.४ मिलिग्रॅम आलंय. त्या रात्री अंगठ्याला चादर लागली तरी जीव जात होता. डॉक्टरांनी ते कमी करायला अ‍ॅलोप्युरिनॉल दिलंय. पण एक जण म्हणाले, चेरी आणि काळ्या द्राक्षांचा रस रोज घ्या, गोळी लागणारच नाही.

मेधा: काका, गोळी बंद करू नका. आणि रस तर नकोच.

मेधा: प्युरीन म्हणजे अन्नात आणि आपल्या पेशींत असणारं एक द्रव्य, त्यापासून युरिक अ‍ॅसिड बनतं. त्यातल्या शेवटच्या दोन पायऱ्या झँथिन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम करतं आणि तुमची गोळी त्यालाच अडवते. जांभळ्या फळांतली अँथोसायनिन्स नावाची रंगद्रव्यं, कांद्यातलं क्वेरसेटिन हेही प्रयोगशाळेत त्याला अडवतात. म्हणून एवढी चर्चा. पण खाल्लेल्या अँथोसायनिनमधलं फारच थोडं जसंच्या तसं रक्तात पोचतं.

प्रसाद: काल लेकीबरोबर जांभळा कोबी गरम पाण्यात भिजवला होता. लिंबू पिळलं की पाणी गुलाबी, खायचा सोडा टाकला की निळं-हिरवं. तेच का हे?

मेधा: हो, तेच अँथोसायनिन! आता विचार कर, लिंबाच्या चार थेंबांनी बदलणारा रंग पोटातून आतड्यात जाईपर्यंत कुठे तसाच राहणार?

सुलभाकाकू: म्हणजे काहीच उपयोग नाही का गं?

मेधा: तसं नाही काकू. २०१६ मध्ये २२ निरोगी पुरुषांना ४ आठवडे रोज ५०० मिलिग्रॅम क्वेरसेटिन दिलं, तर युरिक अ‍ॅसिड जेमतेम अर्ध्या मिलिग्रॅमने उतरलं. काकांना ८.४ वरून ६ च्या खाली यायचंय. चेरीचं म्हणाल तर २०१२ मध्ये गाउटच्या ६३३ रुग्णांची माहिती तपासली होती. चेरी खाल्लेल्या दोन दिवसांत दुखण्याचे झटके सुमारे ३५ टक्के कमी दिसले. पण ती नुसती निरीक्षणं. २०२० मध्ये ५० रुग्णांना २८ दिवस आंबट चेरीचा अर्क देऊन पाहिला, युरिक अ‍ॅसिड हललं नाही.

नंदूकाका: आणि रसाला एवढा विरोध का?

मेधा: फ्रुक्टोजमुळे, म्हणजे फळांतल्या साखरेमुळे. यकृतात ते पचताना एटीपी, म्हणजे पेशींचं इंधन, झपाट्याने खर्च होतं, त्याचे तुकडे प्युरीनच्या वाटेने जातात आणि युरिक अ‍ॅसिड वाढतं. पेलाभर रसात कितीतरी फळांची साखर एकदम पोटात जाते. मूठभर द्राक्षं चावून खा, कच्चा कांदा खा, कोबी खा, मला आनंदच आहे. फक्त गोळीच्या जागी नको.

सुलभाकाकू: मी तर यांचा पालक, मटार सगळं बंद केलंय.

मेधा: सुरू करा काकू. भाज्यांतल्या प्युरीनने गाउटचा धोका वाढलेला दिसत नाही. मांस, मासे, बिअर यांच्यावर लक्ष ठेवा.

नंदूकाका: रसाची बाटली परत करतो. ६ च्या खालीच का पण?

मेधा: साधारण ६.८ च्या वर गेलं की ते रक्तात विरघळलेलं राहत नाही, सांध्यात स्फटिक धरतात. ६ च्या खाली टिकवलं की साठलेलेही हळूहळू विरघळतात. पुढच्या तपासणीची तारीख डॉक्टरांकडून घेतलीत का?

नंदूकाका: उद्या सकाळीच विचारतो.