भावाच्या कपाटात कुंद्याच्या डब्यात इंजेक्शनं सापडली, काय करू?

खानापूरची_ताई

नमस्कार. माझा धाकटा भाऊ २२ वर्षांचा. डिप्लोमा करून बेळगावात उद्यमबागेत सीएनसी मशीनवर लागलाय, टिळकवाडीत खोली घेऊन राहतो. परवा त्याला डबा द्यायला गेले होते. कपडे आवरताना कपाटात कुंद्याचा, म्हणजे मिठाईचा डबा दिसला. म्हटलं खराब झाला असेल, टाकून देऊ. उघडला तर आत तीन छोट्या बाटल्या, आठ-दहा सिरिंजा, गोळ्यांची एक पट्टी आणि वहीचा फाडलेला कागद. कागदावर वारानुसार आकडे लिहिलेले, अक्षर भावाचं नाही. बाटल्यांवर टेस्टोस्टेरॉन आणि नॅन्ड्रोलोन लिहिलंय, दोन्ही स्नायू वाढवायची हार्मोनं (स्टेरॉइड) आहेत म्हणे. गोळी फ्युरोसेमाइड. ही गोळी मला माहीत आहे, आजोबांच्या पायाला सूज यायची तेव्हा डॉक्टर द्यायचे.

तीन आठवड्यांवर त्याची बॉडीबिल्डिंगची स्पर्धा आहे. सहा महिन्यांत तो नऊ किलो वाढला. आम्ही सगळे खूश होतो, बाबा तर गल्लीत सगळ्यांना सांगत होते. पाठभर मोठमोठे फोड आलेत, रात्री झोप नाही, साधं काही विचारलं तरी अंगावर येतो. आधी असा नव्हता ओ. बाबांना सांगू का? सगळं एकदम बंद करायला लावलं तर काही होईल का? डब्याबद्दल त्याला अजून काही बोलले नाही.

निपाणीकर_फिटनेस

ताई, घाबरू नका. एवढं सगळेच घेतात, त्याशिवाय स्टेजवर उभंच राहता येत नाही. सोबत लिव्हरची गोळी सुरू ठेवायला सांगा, पाणी भरपूर प्यायला सांगा. कोर्स अर्धवट सोडला तर मात्र नुकसान होतं.

वडगावचा_जुना_गडी

ताई, मी वडगावचा. वय ४३. २००४ ते २०१४, दहा वर्षं मी स्टेजवर होतो. वर निपाणीकरांनी जे लिहिलंय तेच मलाही पहिल्या दिवशी सांगितलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं काम त्या फ्युरोसेमाइडचं. तीन आठवड्यांवर स्पर्धा आहे म्हणजे ती गोळी शेवटच्या दोन दिवसांसाठी ठेवलेली आहे. कातडीखालचं पाणी निघून जावं आणि स्नायूची रेघ न् रेघ दिसावी म्हणून ती घेतात. पण पाण्याबरोबर लघवीतून पोटॅशियमही जातं, आणि हृदयाचा ठोका त्याच्यावर चालतो. मोहम्मद बेनअझिझा हा जगातला मोठा बॉडीबिल्डर १९९२ साली हॉलंडमध्ये स्पर्धा झाल्यावर काही तासांतच गेला, अंगातलं पाणी काढायच्या असल्याच औषधांनी. तसाच दुसरा, आंद्रेआस म्युन्झर १९९६ साली ३१ व्या वर्षी गेला, एकेक अवयव बंद पडत गेले. ही नावं आम्हाला माहीत होती. तरी घेतली.

माझी २०११ ची रात्र सांगतो. लॉजच्या खोलीत आम्ही तिघं. आदल्या दुपारपासून पाणी बंद. रात्री बाटलीच्या बुचानं मोजून दोन बुचं पाणी मिळालं, तेही तोंडात फिरवून थुंकायचं. अंगाला रंग लावलेला, म्हणून चादर खराब होऊ नये असं खुर्चीवर बसून राहायचं. पहाटे तीनला पोटरीला गोळा आला, तो मांडीपर्यंत चढला. दोघांनी मिळून पाय ओढला तरी सुटेना. छातीत कबुतर फडफडावं तसं व्हायला लागलं. कोचला फोन केला तर म्हणाला, बरोबर चाललंय, सुकतोयस. सकाळी माझा वजनी गटात दुसरा नंबर आला. फोटोत बघाल तर म्हणाल काय तब्येत आहे! त्या दिवशी मला दोन मजले जिना चढता आला नसता. लोक ज्या अंगाला टाळ्या वाजवतात ना ताई, ते त्या माणसाचं वर्षातलं सगळ्यात आजारी अंग असतं.

आता बाटल्यांबद्दल. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की मेंदूला वाटतं, भरपूर आहे. मग तो वृषणांना हुकूम पाठवणं बंद करतो. वृषण बारीक होतात, शुक्राणू बनायचे थांबतात. हे दुखत नाही, म्हणून कळत नाही.

२०१२ ला माझं लग्न झालं. दोन वर्षं मूल नाही. माझी आई बायकोला घेऊन सौंदत्तीच्या यल्लम्माला गेली, ओट्या भरल्या, उपास धरायला लावले. बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्या, नळ्यांचा तो दुखरा एक्स-रेसुद्धा झाला. माझी तपासणी करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण एवढा धडधाकट गडी, त्याच्यात काय खोट असणार? मला आतून शंका होती. मी बोललो नाही. शेवटी एका बाईडॉक्टरांनी मला समोर बसवून विचारलं, काय टोचून घेता? रिपोर्ट आला, एकही शुक्राणू नाही. तो कागद मी बायकोला गाडीवर बसल्या बसल्या दाखवला. ती काही बोलली नाही. घरी येऊन आईनं दिलेला गंडा तिनं हातातून काढून टेबलावर ठेवला. बाकीचं सगळं मी एक वेळ विसरेन, ते नाही.

बंद केल्यावर शुक्राणू परत यायला मला १६ महिने लागले. काहींचे लवकर येतात, काहींना उपचार लागतात. आता एक मुलगी आहे. पण हृदयाची डावी भिंत जाड झाली ती झालीच, रक्तदाबाची गोळी रोज सुरू आहे. डॅलस मॅकार्व्हर हा अमेरिकन बॉडीबिल्डर २०१७ साली २६ व्या वर्षी गेला, तुमच्या भावापेक्षा चारच वर्षांनी मोठा. शवविच्छेदनात हृदयाचं वजन ८३३ ग्रॅम भरलं. साधारण माणसाचं ३०० ते ३५० असतं. हृदयही स्नायूच आहे हो, तेही फुगतं.

लिव्हरच्या गोळीचं म्हणाल तर लिव्हरला जास्त मार तोंडानं घ्यायच्या स्टेरॉइडचा बसतो. इंजेक्शनानं चांगलं कोलेस्टेरॉल पडतं, रक्त घट्ट होतं, त्याला ती गोळी काय करणार? आणि ‘पाणी भरपूर प्या’ म्हणणारेच शेवटच्या दिवशी पाणी बंद करतात.

सगळेच घेतात हेही खरं नाही, पण पुष्कळ घेतात. २०१९ च्या वाडाच्या (खेळातल्या डोपिंगवर लक्ष ठेवणारी जागतिक संस्था) अहवालात भारतातली डोपिंगची १५२ प्रकरणं होती, त्यातली ५७ एकट्या शरीरसौष्ठवातली. उलट जुने शरीरसौष्ठवपटू मनोहर आईच हे १९५२ ला मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत आपल्या गटात जिंकले आणि १०४ वर्षं जगले. तुमचे बाबा जुन्या तालमीतले असतील तर त्यांना हे नाव माहीत असेल.

बाबांना लगेच सांगू नका. आधी भावाशी बोला, पण डबा समोर आपटून नको. ‘सूज उतरायची गोळी तुला कशाला लागते?’ एवढंच विचारा.

शहापूर_लॅबवाली

मी लॅबमध्ये काम करते. रक्तगट, साखर असल्या पॅकेजमध्ये यातलं काही सापडत नाही. सीबीसी (त्यात हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती घट्ट आहे ते बघा), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल), क्रिएटिनिन (किडनीसाठी), पोटॅशियम, लिव्हर, टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच (मेंदू वृषणांना हुकूम पाठवतो ते हार्मोन), आणि हृदयासाठी ईसीजी-इको एवढं करून घ्या. तपासणीआधी निदान आठवडाभर जड व्यायाम करू नये. नुसत्या व्यायामानंही लिव्हरच्या तपासणीतलं एसजीओटी, एसजीपीटी वाढतं आणि लिव्हर खराब झालं असं उगाच वाटतं. ते ओळखायला जीजीटी पण करून घ्या, ते स्नायूंमुळे वाढत नाही. स्नायू जास्त असले की क्रिएटिनिनही थोडं वर दिसतं, म्हणून रिपोर्ट डॉक्टरांनीच वाचावा. सिरिंज कुणाबरोबर वाटून घेतली का, हे जरूर विचारा. हो म्हणाला तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी पण करा.

एकदम बंद केल्यावर काही महिने शरीरात स्वतःचं टेस्टोस्टेरॉनही फार कमी असतं. मुलं फार खचतात, वाईटसाईट विचार येतात. म्हणून हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवूनच बंद करायचं, आणि घरच्यांनी जवळ राहायचं. ‘कोर्स संपल्यावर घ्यायच्या’ म्हणून जिममध्ये ज्या गोळ्या देतात त्या नकोत.

खानापूरची_ताई

काल बोलले. वडगावच्या दादांनी सांगितलं तसंच विचारलं. आधी दार आपटून बाहेर गेला. तासाभरानं आला, चप्पल न काढता उंबऱ्यातच बसला. म्हणाला, आकडे कोचनं लिहून दिलेत, चौदा हजार रुपये दिलेत, अर्धे मित्राकडून उसने घेऊन. गोळ्यांची पट्टी त्यानं स्वतःच माझ्या पर्समध्ये टाकली. इंजेक्शनं बंद करतो म्हणाला नाही. स्पर्धेचं नावही काढू देत नाही. पण रक्त तपासायला तयार आहे. हा धागा त्याला वाचायला दिला. दादांचं सगळं वाचून एकच विचारलं, ‘त्यांचा दंड आता किती आहे?’

वडगावचा_जुना_गडी

साडेसतरा इंच होता. आता चौदा. त्याला सांगा, पहिलं वर्षभर मी आरशासमोर शर्ट काढला नाही, बाहेर जाताना आत दोन बनियन घालायचो. हे होणार आहे, त्याच्यापासून लपवू नका. तपासणीला कुठल्या दिवशी जाताय ते निरोपात कळवा. माझी सेकंड शिफ्ट आहे, सकाळ मोकळी असते. मी येतो. तुम्ही दोघं रिपोर्टच्या रांगेत थांबा, तोवर मी त्याच्याशी बोलत बसेन.