अनुभव धागा : घरची कामे लक्षात ठेवण्याची तुमची पद्धत कोणती आणि तिच्यातले टिकले काय?

इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणांकडे कामांच्या नोंदीची काही ना काही पद्धत आहे, हे अलीकडच्या गप्पांतून ध्यानात आले, म्हणून हा धागा काढत आहे. यातल्या बहुतेक पद्धती मुळात घरासाठी तयार झालेल्या नाहीत. चिठ्ठ्या फळ्यावर पुढे सरकवण्याची ‘कानबान’ पद्धत टोयोटाच्या कारखान्यात, सुटे भाग लागतील तेव्हाच आणि लागतील तेवढेच मागवता यावेत यासाठी रुजली. पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती हा ‘पोमोदोरो’चा क्रम फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस, टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातील घड्याळाच्या आधाराने, स्वतःच्या अभ्यासासाठी बसवला. आपल्या घरात मात्र नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, कचरागाडी तिच्या वेळेला दारात उभी राहते आणि सुतार ‘उद्या नक्की’ असे सांगून आठवडाभर फिरकत नाही.

माझ्या पद्धतीतले टिकले ते एकच पान. त्यावर ‘दुसऱ्यांकडे अडकलेले’ असे शीर्षक आहे आणि प्रत्येक ओळीत काम कोणाकडे आहे, शेवटचे बोलणे कधी झाले व पुन्हा कधी विचारायचे, एवढेच असते. घरची निम्मी कामे आपल्या आळसामुळे नव्हे, तर दुसऱ्याच्या होकारासाठी खोळंबलेली असतात, असे माझे ठाम मत आहे. पटत नसेल तर तसेही लिहावे. ॲपच्या नावांची यादी मात्र कृपया देऊ नये.

रामबाग, निवृत्त लेखापाल

माझ्याकडे त्रेचाळीस फाइली आहेत. एकतीस फाइली तारखांच्या आणि बारा महिन्यांच्या; ही युक्ती जुन्या कचेऱ्यांतली असून तिला वीज लागत नाही. आलेला प्रत्येक कागद, मग तो विम्याच्या हप्त्याची सूचना असो, मालमत्ता कराची पावती असो वा लग्नाची पत्रिका, तो ज्या दिवशी हाताळायचा त्या दिवसाच्या फाइलीत जातो. रोज सकाळी चहानंतर त्या तारखेची फाइल रिकामी करायची आणि ती रिकामी फाइल पुढच्या महिन्याच्या फाइलीमागे लावायची, म्हणजे पुढचे एकतीस दिवस कायम समोर राहतात. महिना उजाडला की त्या महिन्याच्या फाइलीतले कागद तारखांवर वाटून टाकायचे.

निवृत्तिवेतनधारकांना याचा उपयोग विशेष होतो. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो, आणि केंद्र सरकारच्या ऐंशी वर्षांवरील निवृत्तांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. ठेवींच्या व्याजावर कर कापला जाऊ नये म्हणून बँकेत द्यायचा अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच गेलेला बरा. त्यामुळे माझ्या ऑक्टोबरच्या फाइलीत आमच्या थोरल्या बंधूंच्या नावाचा कागद आहे आणि नोव्हेंबरच्या फाइलीत माझ्या. चिरंजीवांनी हे सर्व मोबाइलवर घालून दिले होते, परंतु मोबाइल वाजतो त्या वेळी मी नेमका भाजीबाजारात असतो आणि कागद घरी असतो. आठवण आणि कागद एकाच जागी असावेत, हा या पद्धतीचा खरा फायदा आहे.

विजय नगर, संगणक अभियंता

आमच्या शीतकपाटाच्या दारावर तीन रकाने आहेत : करायचे, चालू, झाले. ‘चालू’ या रकान्यात तीनच चिठ्ठ्या लावायच्या, चौथी लावायची असेल तर आधी एक काम संपवायचे किंवा परत पाठवायचे, हा नियम मी कार्यालयातून घरी आणला आणि तोच टिकला. रंगीत चिठ्ठ्यांचा अर्थ मात्र सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मोडीत काढला. चिठ्ठीवर काय लिहायचे, यावर बरेच अवलंबून असते. ‘गच्चीची गळती’ अशी चिठ्ठी अख्खा उन्हाळा जागची हलली नाही. तिच्याऐवजी ‘गच्चीच्या उत्तरेकडच्या भेगेचे फोटो काढून मिस्त्रींना पाठवणे’ असे लिहिले, तेव्हा ते काम दहा मिनिटांत झाले आणि पुढची चिठ्ठी आपोआप सुचली. धागाकर्त्यांचे ‘अडकलेले’ हे पान वाचल्यावर आता चौथा रकाना आखला आहे, कारण मिस्त्रींनी अजून उत्तर दिलेले नाही.

भंवरकुआँ, राज्यसेवा परीक्षेचा विद्यार्थी

पंचवीस मिनिटे मला पुरत नाहीत. सामान्य अध्ययनाचा एखादा घटक नुकता डोक्यात बसू लागतो आणि घंटी होते. मी पन्नास मिनिटे वाचतो व दहा मिनिटे उठतो. वाचताना आठवलेली इतर कामे (खानावळीचे पैसे, गावी फोन) शेजारच्या कोऱ्या कागदावर टिपून ठेवतो आणि उठल्यावरच त्यांच्याकडे पाहतो. बाकी सर्व सोडले.

तिलक नगर, मानसशास्त्राच्या प्राध्यापिका

वरील विद्यार्थ्याच्या कोऱ्या कागदाला संशोधनाचा आधार आहे. ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली असे मांडले की, मध्येच तोडलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अधिक आठवतात. पुढील प्रयोगांत हा परिणाम सर्वत्र सारखा दिसला नाही, हेही सांगायला हवे. मला अधिक उपयोगी वाटते ते मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांचे २०११ मधील काम. अपुरे उद्दिष्ट मनात घोळत राहते आणि हातातल्या कामात व्यत्यय आणते, परंतु ते कधी, कुठे, कसे करायचे याची नेमकी योजना आखली की, काम झालेले नसतानाही तो व्यत्यय कमी होतो, असे त्यांना आढळले. म्हणूनच नुसती यादी करून मन हलके होईलच असे नाही.

सुदामा नगर, शाळेतील शिक्षिका

या धाग्यात यादी कोण करते, हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही. आमच्याकडे ‘तू फक्त सांग, मी करतो’ असे वाक्य वर्षानुवर्षे प्रेमाने म्हटले जात होते आणि सांगण्याचे काम माझ्याकडेच राहत होते. सिलिंडर कधी संपेल, मुलीचा दाखला कुठल्या खिडकीवर मिळेल, इ-कचऱ्याच्या डब्यातला जुना चार्जर गाडीत द्यायचा आहे, हे सर्व माझ्या डोक्यात आणि करणारे दुसरेच. आम्ही कामांऐवजी विषय वाटून घेतले. आता गाडी, विमा, गॅस आणि पाण्याची टाकी हे विषय संपूर्णपणे यांच्याकडे आहेत, म्हणजे त्यांची आठवण ठेवणेही. पाणी येण्याच्या दिवशी मोटर लावायची राहिली तर त्या दिवशी टंचाई सोसायची, पण मी आठवण करायची नाही, असे ठरले. सासरच्या मंडळींना हा हट्ट वाटला. मला मात्र कोणत्याही वहीपेक्षा या वाटणीनेच अधिक मोकळे केले.

लोकमान्य नगर, घरगुती फराळाचा व्यवसाय

माझी वही उलटी चालते. दिवाळीच्या मागणीत आधी माल द्यायची तारीख लिहायची आणि मग एकेक दिवस मागे यायचे. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे, नंतर ते सावलीत निथळून ओलसर असतानाच दळायचे, गुळात मळून पीठ चार-पाच दिवस तरी मुरू द्यायचे. म्हणजे अनारसे वसुबारसेला हवे असतील तर तांदूळ कोजागिरी झाल्यावर फार उशीर न करता भिजत पडायला हवेत. चकलीची भाजणी आधी होऊ शकते, चिवडा मात्र शेवटी, नाहीतर सादळतो. कोणते काम आधी उरकता येते आणि कोणते मुळीच आधी करता येत नाही, या दोन खुणा प्रत्येक ओळीसमोर असल्या की माणसे लावणे सोपे जाते.

‘दुसऱ्यांकडे अडकलेले’ या पानाशी मी सहमत आहे. माझ्याकडे त्या पानावर गिरणीवाले पहिले, कारण दिवाळीच्या तोंडावर त्यांच्याकडे रांग लागते आणि ओलसर तांदूळ ते सकाळी सर्वांत आधीच दळून देतात. त्यामुळे तांदूळ भिजवण्यापूर्वी त्यांचा दिवस विचारून घेते, आणि मग तिथून मागे मोजते.