तेल-तूप, भाकरी-भात : काय काढलं आणि त्याजागी काय ठेवलं? (नाशिककरांसाठी अनुभव धागा)

"तेल कमी केलं", "पोळी-भात सोडला" हे रोज कानावर येतं. पण काढलेल्या जागी काय येतं ते कुणी सांगत नाही, आणि खरा फरक तिथेच पडतो. तूप बंद करून चहासोबत खारी आली तर कमावलं काहीच नाही. भात सोडून साबुदाणा आला तरी तेच. म्हणून या विषयात रोज हात असलेल्यांनाच इथे लिहायचं आमंत्रण आहे. घाणेवाले, गिरणीवाले, डबे करणारे, शेतकरी, आहारतज्ज्ञ, सगळे या. वजन किती उतरलं ते नको. माप, कृती, कुठे बिघडतं आणि का बिघडतं, एवढं लिहा.

आहारतज्ज्ञ, गंगापूर रोड

आधी आकडे देते, म्हणजे पुढे बोलायला सोपं जाईल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवी आहार मार्गदर्शिका काढली. २००० कॅलरींच्या दिवसाला त्यात तृणधान्यं २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, सुकामेवा व तेलबिया ३५ आणि वरून घालायचं तेल-तूप २७ ग्रॅम धरलंय. चौघांच्या घराला हे महिन्याला साडेतीन लिटर होतं, आणि त्यात तूप-लोणीही आलं. बरणी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. महिन्याचा हिशोब तीच तारीख देते, चमचे मोजत बसावं लागत नाही.

आता तुपाचं. संपृक्त चरबी (पाकिटावर जिला 'सॅच्युरेटेड फॅट' म्हणतात) एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २००० कॅलरींवर ती साधारण २२ ग्रॅम होते. चहाच्या चमचाभर तुपात ती सुमारे ३ ग्रॅम असते. वरणभातावरचं चमचाभर तूप त्यात सहज बसतं. आपल्याकडे हिशोब चुकतो तो सुक्या खोबऱ्यात. त्यात साठ टक्क्यांहून जास्त चरबी, आणि तीही बहुतेक संपृक्त. एका माणसाच्या वाट्याला २५ ग्रॅम खोबरं गेलं की चार चमचे तुपाएवढी संपृक्त चरबी पोटात गेली, आणि तूप तर आपण "बंद" केलेलं असतं! वाटणातलं अर्धं खोबरं काढून त्याजागी डाळ्या (पंढरपुरी) आणि चमचाभर भाजलेले तीळ घाला. रस्सा तेवढाच दाट होतो.

लाकडी घाणा, पंचवटी

एक लिटर शेंगदाणा तेलाला साधारण अडीच किलो दाणे लागतात. बाजारात अडीच किलो दाण्यांना काय पडतं ते बघा. तेवढ्याहून कमी भावात कुणी लाकडी घाण्याचं म्हणून तेल देत असेल तर घेऊ नका. पेंड विकून थोडे पैसे सुटतात, पण इतके नाही.

दाणे डोळ्यांसमोर निवडून घ्या. काळपट, सुरकुतलेला, बुरशीचा दाणा घाण्यात गेला की त्याचं विष तेलात उतरतं, आणि घाण्याचं तेल शुद्धीकरणातून जात नाही. चवीला कडवट दाणा एकही चालत नाही. तेल दोन-तीन दिवस निवलं की गाळ खाली बसतो. वरचं तेल स्टीलच्या डब्यात, उजेडापासून लांब ठेवा. गॅसशेजारी, खिडकीत बरणी ठेवली की तेल लवकर खवट होतं. तीन महिन्यांचं एकदम भरू नका, महिन्याचंच न्या.

एक गोष्ट धंद्याला सोडून सांगतो. घाण्याचं तेल म्हणून ते हलकं नाही. चमचाभर कुठल्याही तेलात चाळीसेक कॅलरी येणारच. आणि हे तेल लवकर धुरावतं, म्हणून फोडणीला, भाजीला वापरा. मोठ्या तळणीला नको.

मला विचाराल तर घरात दोन तेलं आलटून पालटून असावीत. शेंगदाण्यासोबत करडई किंवा मोहरी. मोहरीत आणि सोयाबीनमध्ये ओमेगा-३ (शरीराला बाहेरूनच घ्यावी लागणारी एक चांगली चरबी) असतं, शेंगदाण्यात आणि करडईत ते जवळजवळ नसतंच.

पोळीभाजी केंद्र, सिडको

ओमेगा-३ साठी तेलच बदलावं असं नाही, दादा, जवसाची चटणी आहेच. एक वाटी जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, पाव वाटी तीळ वेगळे भाजायचे. लाल तिखट, मीठ, सुकवलेला लसूण घालून जाडसर वाटायचं. जवस दाताखाली न फुटता तसेच बाहेर पडतात, म्हणून दळणं गरजेचं. करपले की कडू. आणि आठवड्यापुरतीच करा, फ्रीजमध्ये ठेवा, कारण दळलेला जवस फार लवकर खवट होतो. माणशी रोज एक मोठा चमचा पुरे, वरून पाणी भरपूर.

भाजीत तेल कुठे वाया जातं ते सांगते. वांगं. त्याचा गर स्पंजसारखा असतो, कच्चं टाकलं की कढईतलं सगळं तेल पितं आणि आपण वरून आणखी ओततो. फोडींना मीठ लावून पाच मिनिटं वाफ द्यायची, गर बसतो, मग फोडणीत टाकायच्या. किलोभर वांग्याला दोन मोठे चमचे तेल पुरतं. कांदा परततानाही सुरुवातीलाच मीठ घाला, त्याचं पाणी सुटतं आणि तो स्वतःच्या पाण्यात शिजतो. कोरड्या भाज्यांना झाकणावर पाणी ठेवून वाफ काढायची जुनी रीत आहे, तिला तोड नाही.

एका वाचकाचा प्रश्न, नाशिकरोड

तळणीचं उरलेलं तेल पुन्हा किती वेळा चालतं? आमच्याकडे त्यातच नवीन तेल घालून कढई भरतात.

पोळीभाजी केंद्र, सिडको

नवीन घालायचं नाही, ताई. तापून बिघडलेल्या तेलाने नवीन तेलही लवकर बिघडतं. हॉटेलांसाठी कायदाच आहे : तेलातले ध्रुवीय घटक, म्हणजे तेल तापून तापून बिघडताना तयार होणारी द्रव्यं, २५ टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. घरात ते मोजायचं यंत्र नसतं, म्हणून खुणा बघायच्या. बारीक फेस राहतो, रंग काळवंडतो, तेल चिकट होतं, आधीपेक्षा कमी आचेवर धूर येतो. यातली एक जरी दिसली तरी ते टाकायचं.

आमचा नियम असा. लहान कढईत थोडंच तेल घ्यायचं, तळून झालं की लगेच पातळ फडक्यातून गाळायचं, कारण तळाशी राहिलेले पिठाचे कण तेल जाळतात. मग दोन दिवसांत फोडण्यांना संपवायचं. पुन्हा तळायला घ्यायचं नाही. आणि तेल नीट तापू द्या. पिठाची गोळी टाकल्यावर ती तळाशी बसून राहिली तर तेल थंड आहे, पदार्थ तेलकट होणार.

मिसळ करणारे, सातपूर

मिसळीवर नाशिकच्या धाग्यात कुणीतरी लिहिणारच, तर मीच लिहितो. मटकीची उसळ हा ताटातला उत्तम भाग आहे. बिघडवतात ते तर्री, शेव आणि पाव. तेव्हा उसळ वाढवायची आणि बाकी तिघांचं माप धरायचं.

मोड आणताना मटकी आठ तास भिजवायची, फडक्यात बांधून बारा ते पंधरा तास. उन्हाळ्यात दहा तासांतही मोड येतात, त्यापुढे ठेवली तर आंबूस वास येतो. कुकरला एकच शिट्टी, नाहीतर गाळ होतो.

तर्रीबद्दल गैरसमज आहे की तेल जास्त तेवढा रंग जास्त. मिरचीचा लाल रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही, म्हणून तेल लागतं हे खरं. पण फार थोडं लागतं. सहा माणसांच्या रश्श्याला चार मोठे चमचे पुरेत. दोन चमच्यांत वाटण परता. काळ्या मसाल्यासाठी कांदा-खोबरं तेलात तळू नका, कोरड्या तव्यावर काळपट भाजा. उरलेले दोन चमचे शेवटी छोट्या कढल्यात कोमट करा, गॅस बंद करा, मग बेडगी तिखट घाला आणि रश्श्यावर ओता. पेटत्या गॅसवर तिखट टाकलं की जळून तपकिरी होतं, मग लोक रंगासाठी आणखी तेल ओततात.

शेवेत शंभर ग्रॅममागे पस्तीस-चाळीस ग्रॅम तेल असतं. मूठभर नको, वरून दोन चमचे, आणि वाढताना घाला. आधी घातली की मऊ पडते आणि माणूस आणखी मागतो. पावाच्या जागी ज्वारीची भाकरी चालते, आणि नाही जमली तर एक पाव घ्या, चार नको.

पिठाची गिरणी, जेलरोड

गव्हाचं पीठ चाळू नका. कोंडा काढलात की मैद्याच्या दिशेने निघालात. शंभर ग्रॅम कणकेत तंतू (फायबर) अकरा ग्रॅमच्या आसपास असतात, मैद्यात तीनसुद्धा नाहीत. पांढऱ्या तांदळातही तेवढेच.

बाजरी एका वेळी आठवड्याचीच दळून न्या. तिच्यात पाच टक्के तेल असतं, दळल्यावर ते हवेत उघडं पडतं आणि पीठ कडू होतं. घरी गेल्यावर "गिरणीवाल्याने जुनं दिलं" म्हणतात, पण पंधरा दिवस डब्यात ठेवलं कुणी? ज्वारीचं पीठ जुनं झालं की कडू होत नाही, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना तुटते. तेव्हा उकळत्या पाण्यात उकड काढून मळा, जमेल.

पोळी सोडवत नसेल तर पाच किलो गव्हात एक किलो हरभरे घालून दळा. साखर हळू चढते आणि प्रथिनं वाढतात. पोळी थोडी कोरडी होते, म्हणून कणीक सैल मळून अर्धा तास झाकून ठेवा. सात-आठ धान्यं एकत्र करू नका. सगळी मूठ मूठ घालून कशाचाच उपयोग होत नाही, आणि पोळी मात्र बिघडते.

कळण्याची भाकरी, सटाणा

गिरणीवाल्या दादांनी हरभरे सांगितले, आमच्याकडे हेच काम उडीद करतात. तीन भाग ज्वारी, एक भाग सालासकट काळे उडीद, थोडं मीठ घालून एकत्र दळायचं. उडदाच्या चिकटपणामुळे भाकरी तुटत नाही, नवशिक्यालाही थापता येते. सोबत ठेचा आणि वांग्याचं भरीत. हिला वरून तूप लागत नाही.

नागली-वरई शेतकरी, पेठ

शहरात नागली म्हटलं की लोक सत्व विचारतात. सत्व म्हणजे नागली भिजवून, वाटून, गाळून खाली बसलेला स्टार्च. साल गाळणीत राहतं, आणि तंतू सालातच. लहान बाळाला, आजाऱ्याला सत्व ठीक. साखर असलेल्याने अख्ख्या नागलीचं पीठ घ्यावं. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना, म्हणजे कॅल्शियम, आणि तंतू अकरा ग्रॅम.

भाकरीला एक वाटी पीठ, एक वाटी उकळतं पाणी, चिमूट मीठ. पाणी उकळल्यावर पीठ घालून गॅस बंद, पाच मिनिटं झाकण, मग गरम असतानाच मळायचं. नागलीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, थंड पाण्याने मळली तर कडा फाटतातच. नागलीची बिस्किटं घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा. सर्वांत जास्त असलेली वस्तू पहिली लिहितात. बहुतेक ठिकाणी पहिला मैदा, मग साखर, पाम तेल, आणि नागली शेवटाकडे.

खुरासणी, म्हणजे कारळे, आमच्या डोंगरात पूर्वी भरपूर असायची. चटणीला तेवढी घ्या, तीही बी भाजून आणि ताजी वाटून.

उपवासाचे पदार्थ करणारी, रविवार कारंजा

श्रावणात सगळ्यांची गाडी साबुदाण्यावर येते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावालाही नाहीत. त्याजागी भगर आणि दाण्याची आमटी घ्या. भगर आधी कोरडी भाजायची, एका वाटीला अडीच वाट्या गरम पाणी, झाकून मंद आच. न भाजता टाकली तर लगदा होतो. पण भगरही पॉलिश केलेली असते, तेव्हा तिला औषध समजू नका. एक वाटी शिजलेली भगर, सोबत काकडीची कोशिंबीर आणि ताक.

भगरीचं तयार पीठ मात्र घेऊ नका. ते ओल पटकन धरतं, बुरशी येते आणि विषबाधा होते. अख्खी भगर घ्या, निवडून धुवा, पूर्ण वाळवा, हवी तेवढीच घरी दळा.

आहारतज्ज्ञ, गंगापूर रोड

बेकरीबद्दल राहिलं होतं. जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे वनस्पती तुपातला (डालड्यातला) तो दोष बराच आटोक्यात आला. पण खारी-नानकटाईत आता जे पाम तेल असतं ते निम्मं संपृक्तच. "ट्रान्स फॅट शून्य" वाचून पाकीट उचलू नका, शेजारचा संपृक्तचा आकडा बघा.

भाताबद्दल विचारतात. शिजवून थंड केलेल्या भातात थोडा स्टार्च पचनाला अवघड होतो, साखर जरा हळू चढते, पुन्हा गरम केला तरी बराचसा फायदा टिकतो. मात्र भात ओट्यावर रात्रभर ठेवायचा नाही. पसरून निववा, तासाभरात फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवा. आणि ताटात आधी भाजी-उसळ, मग भात. क्रम बदलला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते.

द्राक्षांच्या दिवसांत पंधरा-सोळा मणी एका वेळी, चार बदाम किंवा दाण्यांसोबत. तेवढीच साखर दोन मोठे चमचे मनुकांत असते. रस काढू नका.

ज्यांना इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी पोळी-भात एकदम निम्मा करू नये. गोळीचा डोस जुन्या ताटावर ठरलेला असतो, साखर धोकादायक उतरते. घाम, थरथर, एकदम भूक लागली तर आधी तीन चमचे साखर पाण्यात, मग डॉक्टरांना फोन. डोस बदलायचा तो त्यांनीच.

फराळ करणारी, इंदिरानगर

चिवडा भाजका करा, तळीव नको. अर्धा किलो पातळ पोहे चाळून दोन तास कडक उन्हात, मग मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, हातात चुरा होईपर्यंत. आच वाढवली की पोहे आक्रसतात. फोडणीला चार मोठे चमचे तेल. त्यात शंभर ग्रॅम दाणे, मग शंभर ग्रॅम डाळ्या, शेवटी मिरची आणि कढीपत्ता. कढीपत्ता कडकडीत झाला नाही तर त्याच्या ओलाव्याने चिवडा चौथ्या दिवशी सादळतो. कमी तेलात मीठ पोह्यांना चिकटत नाही, म्हणून मीठ, पिठीसाखर आणि हळद मिक्सरला बारीक फिरवून फोडणी गरम असतानाच घाला. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका.