महाप्रसाद, आनंदमेळा आणि खाद्यरंग : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ए-१०२ (सांस्कृतिक समिती) :
सर्व सभासदांना नमस्कार. यंदाच्या गणेशोत्सवातील महाप्रसादाचा बेत आचाऱ्यांनी पाठवला आहे. त्यात मसालेभात, बटाट्याची भाजी, मठ्ठा, केशरी शिरा आणि जिलबी आहे. रविवारच्या आनंदमेळ्यात मुलांसाठी कॉटन कँडी, गोबी मंचुरियन आणि बर्फाचा गोळा असे तीन बाहेरचे स्टॉल असतील. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी बदल करता यावेत म्हणून ज्यांना काही सुचवायचे असेल त्यांनी उद्या संध्याकाळपर्यंत येथेच लिहावे.

सी-४०३ :
दादा, एक विनंती आहे. गेल्या वर्षी मंचुरियन खाल्लेल्या मुलांच्या बोटांवरचा लाल रंग साबणानेही निघत नव्हता, हे आमच्या मजल्यावरील सगळ्यांनी पाहिले आहे. जो रंग हातावरून जात नाही तो पोटात गेल्यावर काय करतो, हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे. यंदा हे स्टॉल देताना रंगांबद्दल काही अट घालता येईल का?

बी-६०१ :
ताई, आपली काळजी समजते, पण आमची सगळी पिढी लालभडक गोळे आणि केशरी जिलबी खाऊनच मोठी झाली. वर्षातून एकदा येणाऱ्या आनंदमेळ्यावर इतकी बंधने घातली तर मुलांच्या वाट्याला उकडलेल्या शेंगाच उरतील. शिवाय सरकारनेच खाद्यरंगांना परवानगी दिलेली आहे, मग आपण सरकारपेक्षा शहाणे कशाला व्हायचे?

बी-२०१ :
काका, परवानगीबद्दलचे आपले म्हणणे खरे आहे, पण ते अर्धेच आहे. अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेली असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो, लांबल्यास सांभाळून घ्यावे.

आपल्या देशात आठ कृत्रिम रंगांना मान्यता आहे. पॉन्सो ४आर, कार्मोइसिन आणि एरिथ्रोसिन हे लाल, टार्ट्राझिन आणि सनसेट यलो हे पिवळे, इंडिगो कार्माइन आणि ब्रिलियंट ब्लू हे निळे, तर फास्ट ग्रीन हा हिरवा. मात्र हे आठ रंग कोणत्याही पदार्थात आणि कितीही घालावेत, असा या परवानगीचा अर्थ नाही. मिठाई, आइस्क्रीम, बिस्किटे, सरबते अशा ठरावीक पदार्थांतच ते चालतात आणि सर्वसाधारण मर्यादा एक किलो तयार पदार्थात १०० मिलिग्रॅम इतकी आहे. म्हणजे दहा किलो जिलबीला जास्तीत जास्त एक ग्रॅम रंग. आता मला सांगा, कढईपाशी बसलेल्या कोणत्या आचाऱ्याकडे एक ग्रॅम मोजणारा काटा असतो? तो चिमटीने रंग टाकतो, पीठ मनासारखे दिसले नाही तर आणखी टाकतो, आणि आपणही भडक दिसणाऱ्या ताटाकडेच आधी वळतो. मंचुरियनची गोष्ट याहून सोपी आहे, कारण अशा तळलेल्या पदार्थात कृत्रिम रंग घालण्यास मुभाच नाही. हळद आणि तिखट यांतही वरून रंग मिसळता येत नाही.

माझ्या मते खरी धास्ती या आठ रंगांची नाही. कपडे, कागद आणि चामडे रंगवण्यासाठी बनवलेली रंगद्रव्ये स्वस्त आणि भडक असतात म्हणून अन्नात शिरतात, ती अधिक घातक आहेत. कॉटन कँडीत सापडणारे ऱ्होडामाइन बी आणि डाळीत, हळदीत किंवा जिलबीत सापडणारे मेटॅनिल यलो ही त्यांतली नेहमीची नावे. या द्रव्यांसाठी अन्नातील सुरक्षित मात्रा ठरवलेलीच नाही, कारण ती खाण्यासाठी नाहीतच. २०२४ च्या फेब्रुवारीत पुदुच्चेरी आणि तमिळनाडूने कॉटन कँडीवर बंदी घातली ती ऱ्होडामाइन बी सापडल्यामुळेच. पाठोपाठ मार्चमध्ये कर्नाटकाने गोबी मंचुरियनमधील कृत्रिम रंगांवर बंदी आणली. तेथे तपासलेल्या १७१ नमुन्यांपैकी १०७ नमुन्यांत असे रंग आढळले होते. आपल्या शेजारी गोव्यात म्हापसा नगरपालिकेने तर त्याच वर्षाच्या सुरुवातीला रंग आणि अस्वच्छता या दोन्ही कारणांसाठी स्टॉलवरील मंचुरियनच थांबवले. म्हणजे आपल्या मेळ्यातील तीनपैकी दोन स्टॉल नेमके त्याच पदार्थांचे आहेत.

बी-६०१ :
माहितीबद्दल आभार. मग पाकीटबंद पदार्थ निर्धोक समजायचे का? माझा नातू रोज रंगीत गोळ्यांचे एक पाकीट संपवतो आणि त्याची आई त्यावरून माझ्याशी भांडते.

डी-३०५ :
काका, मी बालरोगतज्ज्ञ म्हणून थोडे लिहिते. पाकिटावर नाव आणि क्रमांक असतो, तेवढा फायदा नक्की आहे. १०२ म्हणजे टार्ट्राझिन, ११० म्हणजे सनसेट यलो, १२२ म्हणजे कार्मोइसिन, १२४ म्हणजे पॉन्सो ४आर. ब्रिटनमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाने तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना काही रंगांचे मिश्रण सोडियम बेंझोएट या पदार्थ टिकवणाऱ्या द्रव्यासह देऊन त्यांच्या वागण्याची पाहणी केली आणि ती २००७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. मुलांची चंचलता सरासरीने थोडी वाढलेली दिसली. तो परिणाम लहान होता, सगळ्या मुलांत सारखा नव्हता, आणि मिश्रण दिल्यामुळे दोष कोणत्या एका रंगाचा हे त्यातून सांगता येत नाही. तरीही युरोपीय संघाने जुलै २०१० पासून अशा सहा रंगांच्या पदार्थांवर, मुलांच्या हालचालींवर आणि एकाग्रतेवर प्रतिकूल परिणाम होऊ शकतो, अशी सूचना छापणे सक्तीचे केले. वर दिलेले चारही रंग त्या सहांत आहेत आणि ते चारही आपल्याकडे मान्य आहेत. काही थोड्या लोकांना टार्ट्राझिनने अंगावर पित्त उठते, हेही लक्षात ठेवावे. तेव्हा रोजच्या पाकिटाबद्दल मी नातवाच्या आईच्या बाजूने आहे. मात्र शाळेत मूल एका जागी बसत नाही म्हणून सगळा दोष रंगीत गोळ्यांवर टाकणारे पालकही माझ्याकडे येतात, आणि तेही मला पटत नाही.

सी-४०३ :
डॉक्टर, केकवरच्या लाल चेरीतील रंगावर अमेरिकेत बंदी आल्याचे वाचले. मुलांचे वाढदिवस तर दर आठवड्याला कोणाकडे ना कोणाकडे असतातच.

बी-२०१ :
तो रंग म्हणजे एरिथ्रोसिन, क्रमांक १२७. चेरीत आणि कच्च्या पपईच्या टुटीफ्रुटीत तो असतो. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये त्याची परवानगी मागे घेतली आणि कंपन्यांना २०२७ च्या जानेवारीपर्यंत मुदत दिली. प्राण्यांत कर्करोग करणारे द्रव्य अन्नात चालणार नाही, असा तेथील कायदाच आहे आणि नर उंदरांत थायरॉइडच्या गाठी दिसल्या होत्या. ज्या मार्गाने त्या गाठी होतात तो माणसात तसा नसतो, असेही ही परवानगी मागे घेणाऱ्या तेथील अन्न व औषध खात्याने नमूद केले आहे. त्यामुळे परवाच्या केकवरील चेरीची आठवण काढून आज घाबरण्याचे कारण नाही. पण या रंगाची आयुष्यभर रोज चालेल अशी मानलेली मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे जेमतेम ०.१ मिलिग्रॅम आहे. पंधरा किलोच्या मुलासाठी ती दीड मिलिग्रॅम झाली आणि १०० मिलिग्रॅमच्या मर्यादेतील पंधरा ग्रॅम पदार्थात ती भरते. एखाद्या दिवशी ती ओलांडली गेली म्हणून काही बिघडत नाही, पण रोज पाव-टुटीफ्रुटीचा डबा देणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

ए-५०४ :
मसालेभातासाठी वाटाणे मी आणणार आहे. ते घरी तपासता येतील का?

बी-२०१ :
होय, वहिनी. थोडे दाणे अर्धा तास साध्या पाण्यात ठेवा. पाणी हिरवे झाले तर दुकानदाराला परत करा. मात्र पाणी स्वच्छ राहिले म्हणून सगळेच निर्मळ आहे, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. शंका उरली तर अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार कोणत्याही ग्राहकाला शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो आणि नमुना दोषी ठरला तर शुल्क परत मिळते.

ए-१०२ (सांस्कृतिक समिती) :
चर्चेनुसार आचाऱ्यांशी बोललो. शिऱ्यात रंगाऐवजी केशर आणि थोडी हळद घालण्यास ते तयार आहेत, केशराचा वाढीव खर्च समिती देईल. जिलबी रंगाशिवाय फिकट दिसेल आणि लोक नावे ठेवतील, असे त्यांचे म्हणणे होते. ती नावे समिती ऐकून घेईल, असे त्यांना सांगितले आहे. कॉटन कँडी पांढरीच मिळेल. मंचुरियनवाल्यांनी रंगाशिवाय काम करण्यास नकार दिला, म्हणून तो स्टॉल रद्द करून त्याजागी थालीपीठ ठेवले आहे. गोळेवाले मात्र म्हणतात की तयार सिरप नको असेल तर पर्याय सोसायटीने द्यावा.

बी-६०१ :
पर्याय मी देतो. वेंगुर्ल्याहून भावाने पाठवलेले कोकमाचे आगळ घरात आहे आणि कैरीचा पाक सौ. करून देतील. साखर किती धरावी आणि साधारण किती गोळे होतील, एवढे गोळेवाल्यांना विचारून कळवावे.