माया लोकांचे पशुबळी: नैवेद्य की राजाचा डामडौल?

रानवाट:
मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या माया लोकांना त्यांच्या पशुबळींवरून सरसकट 'रक्तपिपासू' म्हटलेलं मला पटत नाही. जर्मनीत ड्रेस्डेनला असलेली त्यांची पोथी बघा. नववर्षाच्या पानांवर पुजाऱ्याने मुंडकं उडवलेली टर्की धरली आहे, देवापुढे हरणाची तंगडी मांडली आहे. रोजच्या जेवणातलंच मांस हे. स्पॅनिश येईपर्यंत तिथे गाय, शेळी, डुक्कर, कोंबडी यातलं काहीच नव्हतं. पाळलेले म्हणजे कुत्री, टर्की आणि डंख न मारणाऱ्या मधमाश्या. बाकी शिकार, त्यात पांढऱ्या शेपटीचं हरीण मुख्य. घरात खातात तेच देवाला दिलं, त्यात रक्तपिपासू काय?

चिंचोका:
आणि जग्वार, तो बिबट्यासारखा मोठा शिकारी प्राणी? तो कुणाच्या जेवणात होता? होंडुरासमधल्या कोपानला सोळाव्या राजाने, याश पासाहने, ७७६ साली एक वेदी घडवली. चार बाजूंना चार-चार, असे सोळा राजे कोरलेत. तिच्याजवळच्या खड्ड्यात जग्वार-प्यूमांची हाडं निघाली. आधीच्या १५ राजांच्या नावाने हे बळी दिले, असं उत्खनन करणारे मानतात. कोपानच्या अशा हाडांची रासायनिक तपासणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. काही जनावरांच्या हाडांत मक्याचा अंश सापडला. जग्वार मका खात नाही. म्हणजे त्याला डांबून, मक्यावर पोसलेले प्राणी खाऊ घातले होते. रानातल्या सर्वांत ताकदवान जनावराला बळीसाठी कोंडून ठेवणं याला मी नैवेद्य म्हणणार नाही. गादीवर हक्क सांगायचा होता, दुसरं काय!

मुक्ता_क:
चिंचोका, सगळं राजावर ढकलू नका. ग्वाटेमालातल्या सेईबालला ख्रिस्तपूर्व ४०० च्या आसपासची कुत्र्यांची हाडं मिळाली आहेत, चौकातल्या पिरॅमिडखाली पुरलेली. त्यातली दोन कुत्री दूरच्या डोंगराळ मुलखातून आणलेली होती. कुत्री एवढ्या लांबून आणायची तर त्यात व्यापार आला, दोन मुलखांतले संबंध आले.

चिंचोका:
पिरॅमिडखाली पुरलेलं कुत्रंही सामान्य घरातलं नव्हे. माझं म्हणणं तेच आहे.

रानवाट:
जग्वारांबद्दल तुमचं मान्य, तिथे माझा नैवेद्याचा मुद्दा लागू पडत नाही. पण मेक्सिकोतल्या युकातानमधल्या माया गावांत पावसासाठी चाआ चाक हा विधी आजही करतात. कोंबड्या, टर्की देवाला दाखवून मग सगळे मिळून जेवतात. राजे केव्हाच गेले, तरी हे चालू आहे. म्हणून कोपानच्या एका खड्ड्यावरून अख्ख्या समाजाला क्रूर ठरवणं मला चूकच वाटतं.

चिंचोका:
समाजाला मी क्रूर म्हटलंच नाही. याश पासाहबद्दल बोलतोय, आणि त्यावर ठाम आहे.