आयर्न मेडनच्या जुन्या कॅसेट आणि डीव्हीडी: काय ठेवायचं, काय डिजिटल करायचं?

ऑरेंज_एडी (मानेवाडा)

मंडळी, आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या व्हिडिओंचा एक अख्खा खोका हाती आला आहे. छापील व्हीएचएसमध्ये 'मेडन इंग्लंड', 'डोनिंग्टन लाइव्ह १९९२' आणि 'द फर्स्ट टेन इयर्स'. बाकी सात-आठ ई-१८० (तीन तासांच्या) कॅसेटींवर टीव्हीवरून भरलेलं आहे. लेबलवर नुसतं 'मेडन', 'मेडन २', एकीवर 'डॉर्टमंड'. डीव्हीडीत 'रॉक इन रिओ' आहे आणि 'डेथ ऑन द रोड'च्या तीनपैकी दोनच डिस्क आहेत.

खोका सज्ज्यावर होता. दोन कॅसेटींच्या खिडकीतून रिळावर पांढरं काहीतरी दिसतं. एक जुना व्हीसीआर मिळतो आहे, यूएसबीचं कॅप्चर यंत्रही आहे. सगळंच डिजिटल करायचं की काही डीव्हीडीवर आधीच आलेलं आहे? 'डॉर्टमंड' म्हणजे नेमकी कोणती मैफल? आणि त्या पांढऱ्याचं काय करू?

टेपडेक_इतवारी

पांढरं दिसणाऱ्या दोन्ही कॅसेटी आधी वेगळ्या झिप-पिशवीत टाका. ती बुरशी आहे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा रिळाच्या कडेवर पिठासारखे ठिपके दिसतात. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली की बुरशी ड्रमवर (टेप वाचणारं फिरतं चाक) आणि रोलरवर बसते आणि त्यानंतर घातलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला लागते. शिवाय टेपचे थर एकमेकांना चिकटलेले असतील तर प्ले करताच फाटते.

पिशवीत भरपूर सिलिका जेल टाकून दोन आठवडे बंद ठेवा. बुरशी वाळली की सुटी होते. मग पाच स्क्रू काढून कवच उघडायचं, मास्क लावून, घराबाहेर, आणि मऊ ब्रशने रिळाच्या कडा झाडायच्या. कवचात बुरशी असेल तर ते फेकून रिळं दुसऱ्या रिकाम्या कवचात बसवा. उघडण्याआधी टेप कुठल्या रोलरवरून कशी जाते याचा फोटो काढून ठेवा, नाहीतर जोडताना डोकं फिरतं. आतली बारकी स्प्रिंग उडते, तिच्यावर लक्ष असू द्या. नंतर वेगळ्या रिवाइंडरवर, टेपला बिनधाग्याचं कापड हलकं टेकवून, एकदा पुढे एकदा मागे. चांगल्या व्हीसीआरमध्ये हे काम करू नका.

आणि कृपा करून 'ऊन दाखवू' म्हणून गच्चीवर ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हात कवच वाकडं होतं आणि टेपच्या कडा लाटेसारख्या होतात. त्या परत सरळ होत नाहीत.

बाकीच्या कॅसेटींचं पहिलं काम म्हणजे मणक्याकडचा छोटा प्लास्टिकचा टॅब मोडणे. टीव्हीवरून भरलेल्यांचा तो बहुधा शाबूत असतो. चुकून रेकॉर्ड दाबलं गेलं तर संपलं.

व्हीसीआर घेताना सोबत एक टाकाऊ कॅसेट न्या (कोणाच्या लग्नाची नको!). ती पूर्ण पुढे, पूर्ण मागे, मग दहा मिनिटं प्ले. कॅसेट आत ओढताना घरघर झाली किंवा रिवाइंड अर्ध्यावर थांबलं तर रबरी बेल्ट किंवा आयडलर (रिळं फिरवणारं चाक) सैल पडला आहे. ते बदलता येतं. टेपची कड चुरगळून बाहेर आली तर पिंच रोलर (टेप ओढणारं रबरी चाक) कडक झाला आहे. तो बदलल्याशिवाय एकही चांगली कॅसेट आत जाऊ देऊ नका. मागे ऑडिओचं एकच भोक असेल तर मशीन मोनो आहे. छापील कॅसेटींवरचा हाय-फाय स्टिरिओ ट्रॅक ते वाचणारच नाही. संगीतासाठी हाय-फाय मशीनच शोधा.

हेड (ड्रमवरचे टेप वाचणारे बारीक तुकडे) साफ करायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय कातड्याची काडी. काडी ड्रमला हलकी टेकवून स्थिर धरायची आणि ड्रम वरून हाताने फिरवायचा. काडी वरखाली घासली की हेडचं टोक तुटतं. कानात घालायचा कापूस वापरला तर त्याचे धागे नेमके तिथेच अडकतात.

तिसरी_गिटार

टेपडेकभाऊंनी मशीनचं सांगितलं, मी मालाचं सांगतो. सगळं डिजिटल करायला बसू नका. खोक्यातलं बरंचसं बँडनेच साफ करून डिस्कवर दिलं आहे.

'मेडन इंग्लंड' म्हणजे बर्मिंगहॅमच्या एनईसी सभागृहात नोव्हेंबर १९८८ मध्ये चित्रित झालेली मैफल. दिग्दर्शन आणि संकलन बँडचा बेसिस्ट स्टीव्ह हॅरिसचं. ती २०१३ मध्ये 'मेडन इंग्लंड '८८' नावाने डीव्हीडीवर आली, तीही कॅसेटमध्ये नसलेली शेवटची तीन गाणी जोडून. सोबत १९८७ चा '१२ वेस्टेड इयर्स' हा माहितीपटही आहे. कॅसेट वेष्टनासाठी ठेवा, पाहायला डिस्क घ्या.

'द फर्स्ट टेन इयर्स' हा प्रोमो व्हिडिओंचा संग्रह. त्याची जागा २००३ च्या 'व्हिजन्स ऑफ द बीस्ट'ने घेतली. दोन डिस्क, 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'पर्यंतचे व्हिडिओ आणि काही गाण्यांच्या ॲनिमेटेड आवृत्त्या. त्या ॲनिमेशनबद्दल न बोललेलं बरं.

'डोनिंग्टन लाइव्ह १९९२' मात्र जपा. २२ ऑगस्ट १९९२ चा 'मॉन्स्टर्स ऑफ रॉक' महोत्सव. बँडच्या डीव्हीडी मालिकेत ती आलेली नाही. डिजिटल करण्यात सगळ्यात जास्त जीव घालायचा तो हिच्यात.

आता 'डॉर्टमंड'. तिथल्या दोन मैफली आहेत आणि दोन्ही तिथल्या वेस्टफालेनहाले सभागृहातल्याच, म्हणून घोळ होतो. एक १८ डिसेंबर १९८३ ची, जी जर्मन टीव्हीने घेतली होती. दुसरी २४ नोव्हेंबर २००३ ची, तीच 'डेथ ऑन द रोड'. टीव्हीवरून ई-१८० वर भरलेली म्हणजे जवळपास नक्की १९८३ ची. मंचावर गिटारवाले मोजा: दोन असतील तर १९८३, तीन असतील तर २००३. १९८३ ची 'द अर्ली डेज' या २००४ च्या दोन डिस्कच्या संचात आहे. त्यातच लंडनच्या रेनबो (१९८०) आणि हॅमरस्मिथ (१९८२) इथल्या मैफली आणि रस्किन आर्म्स या पबमधलं जुनं चित्रणही आहे. एकच संच घ्यायचा असेल तर डोळे मिटून हा घ्या.

बिनलेबलच्या कॅसेटीही माणसं पाहून ओळखता येतात. गायक पॉल डी'आनो असेल तर १९८१ किंवा त्याआधीचं. ब्रूस डिकिन्सन गातो आहे पण ड्रमवर क्लाइव्ह बर आहे तर १९८१ ची अखेर किंवा १९८२. ब्रूस आणि ड्रमवर निको मॅकब्रेन, गिटारवर डेव्ह मरे आणि एड्रियन स्मिथ असतील तर १९८३ ते १९८८. एड्रियनच्या जागी यानिक गर्स असेल तर १९९० ते १९९३. डोनिंग्टनला एड्रियन पाहुणा म्हणून शेवटच्या गाण्याला येतो, तेवढं पाहून फसू नका. मध्येच जादूगार रक्त सांडताना दिसला तर ती 'रेझिंग हेल', ऑगस्ट १९९३, पाइनवुड स्टुडिओ. त्या कार्यक्रमानंतर ब्रूस १९९९ पर्यंत बँडबाहेर होता. तिघेही गिटारवाले एकत्र म्हणजे १९९९ नंतरचं.

'डेथ ऑन द रोड'ची तिसरी डिस्क गायब असेल तर हळहळू नका, तिच्यावर माहितीपट आहे. मैफल पहिल्या दोनांत आहे.

बर्डीचा_बेसिस्ट

'रॉक इन रिओ' आहेच तर ती रिपवून (कॉम्प्युटरवर उतरवून) ठेवा, पण पाहताना गोळी घेऊन बसा. १९ जानेवारी २००१, समोर अडीच लाखांच्या घरात माणसं, आणि कट इतके झपाझप की एक सोलो धड बोटांवर पाहू देत नाही. त्यापेक्षा १९८५ ची लाँग बीचवाली 'लाइव्ह आफ्टर डेथ' घ्या. २००८ च्या डीव्हीडीत दुसऱ्या डिस्कवर १९८४ च्या पोलंड दौऱ्याचा माहितीपट आहे, तोही भारी.

तिसरी_गिटार

@बर्डीचा_बेसिस्ट कट जास्त आहेत हे कबूल, पण रिओचा आवाज ऐका ना भाऊ. ती गर्दी गातेय ते दुसऱ्या कुठल्या डिस्कवर नाही. सॅंटियागोची 'एन व्हिवो!' (२०११ ची मैफल) चित्राला सरस आहे, आवाजाला नाही.

आणि कोणी नाव नाही घेतलं म्हणून सांगतो, 'फ्लाइट ६६६' घेतल्याशिवाय महाराष्ट्रातल्या माणसाचा संग्रह पुरा नाही. मैफलीच्या डिस्कवरचं पहिलंच गाणं मुंबईचं आहे, १ फेब्रुवारी २००८, बीकेसी. पुढची गाणी मेलबर्न, टोकियो, बोगोटा, प्रत्येक वेगळ्या शहरातलं.

फील्ड_ऑर्डर

कॅप्चरचं लिहितो. साधा व्हीसीआर पिवळ्या तारेतून कंपोझिट (रंग-उजेड एकत्र) देतो, एस-व्हिडिओ (दोन्ही वेगळे) फक्त एस-व्हीएचएस मशीनला. कंपोझिटही चालतं, पण जुनी पातळ तार टाकून चांगली घ्या.

यंत्रासोबतच्या सीडीतलं सॉफ्टवेअर वापरू नका. ते थेट एमपेगमध्ये दाबून टाकतं. व्हर्च्युअलडब या सॉफ्टवेअरमध्ये पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत), ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, कोडेक हफवाययूव्ही (दर्जा न घटवता दाबणारा). तासाला साधारण २५ ते ३५ जीबी जागा लागते, म्हणजे तीन तासांच्या ई-१८० ला १०० जीबी मोकळी धरा. ऑडिओ ४८ किलोहर्ट्झ. डिइंटरलेस (एकाआड एक ओळींच्या अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करणं) कॅप्चर करताना नाही, नंतर. तेव्हा ५० फ्रेमवर काढा. २५ वर काढलं तर निकोचे हात अडखळत चालतात. शेवटची फाइल एच.२६४ मध्ये, सीआरएफ (दर्जाचा आकडा) १७-१८. तासाला दोन-चार जीबीत बसते. मूळ हफवाययूव्ही फाइल मात्र निदान डोनिंग्टनची तरी ठेवाच.

४:३ चं चित्र ४:३ च ठेवा. टीव्ही भरावा म्हणून ताणलं की सगळा बँड बसका दिसतो. तळाला दोन-चार ओळींत खरखर दिसेल, ती हेड बदलण्याची खूण आहे, बिघाड नाही. तेवढी काळी करून टाका.

आवाज हळूहळू मागे पडतो ही सगळ्यांची तक्रार. कारण सहसा एकच: टेपचा सिग्नल डळमळतो, यंत्र फ्रेम गाळतं, आवाज मात्र चालूच राहतो. कॅप्चरच्या वेळी 'ड्रॉप्ड फ्रेम्स'चा आकडा पाहत राहा. शंभरीत गेला तर थांबा. उपाय टीबीसी (डळमळता सिग्नल स्थिर करणारं यंत्र), पण तो महाग. पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस१० किंवा ईएस१५ हा जुना डीव्हीडी रेकॉर्डर वापरलेला मिळाला तर व्हीसीआर आणि यंत्राच्या मध्ये लावा, नुसता सिग्नल आरपार जाऊ द्या. वरच्या बाजूला चित्र झेंड्यासारखं फडकतं तेही सरळ होतं.

ऑरेंज_एडी

लय उपकार राजेहो. 'डॉर्टमंड'वर गिटारवाले दोनच आहेत, म्हणजे १९८३. 'द अर्ली डेज' मागवतो. दोन अडचणी आल्या. 'फर्स्ट टेन इयर्स' गंमत म्हणून लावली तर चित्र दर काही सेकंदांनी उजळतं-काळवंडतं. आणि 'मेडन २' टीव्हीवर रंगीत दिसते पण कॉम्प्युटरवर काळी-पांढरी. व्हीसीआर बिघडला काहून?

फील्ड_ऑर्डर

व्हीसीआर ठणठणीत आहे. पहिली छापील कॅसेट आहे ना, तो कॉपी-संरक्षणाचा सिग्नल. दिसणाऱ्या चित्राच्या वर, लपलेल्या ओळींत पांढरे ठोके टाकलेले असतात. टीव्ही ते सोडून देतो, पण कॅप्चर यंत्र त्यांना खरा उजेड समजून चित्र कमी-जास्त करत बसतं. त्या कॅसेटवर वेळ घालवू नका, 'व्हिजन्स ऑफ द बीस्ट' आहेच.

दुसरी अमेरिकेतून आलेली किंवा तिथल्या कॅसेटवरून उतरवलेली असणार, म्हणजे तिथल्या एनटीएससी टीव्ही पद्धतीची. आपले पाल व्हीसीआर ती पाल-६० (एनटीएससीच्या फ्रेम, पालचा रंग) करून सोडतात. टीव्हीला ते कळतं, यंत्राला रंग सापडत नाही. यंत्राच्या ड्रायव्हरमध्ये व्हिडिओ स्टँडर्डच्या यादीत 'पाल-६०' आहे का बघा. असेल तर आकार ७२० बाय ४८० आणि २९.९७ फ्रेम. नसेल तर व्हीसीआरच्या मागे किंवा मेन्यूत 'एनटीएससी ४.४३' असा पर्याय असतो, तो लावून यंत्रातही तोच निवडा.

सिलिका_संत्रा

डिस्क मागवताना पाठीवरचा पृथ्वीगोल पाहा, त्यात रीजनचा (कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याचा) आकडा असतो. ० किंवा 'ऑल' असेल तर निश्चिंत. नुसता १ किंवा २ असेल तर आपला प्लेअर ५ चा, तो अडेल. ब्लू-रेला आपण सी. वापरलेली डिस्क आली की दिव्यासमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर परत पाठवा. पुसताना मधून काठाकडे सरळ, गोल नाही.

आता ठेवायचं. सज्जा बाद. वर स्लॅब तापतो आणि मे महिन्यात तिथलं तापमान खोलीपेक्षा कितीतरी जास्त असतं. पण लोक सज्ज्यावरून काढून कूलरच्या खोलीत ठेवतात, ते त्याहून वाईट. डेझर्ट कूलर दिवसभर ओली हवा फेकतो, म्हणजे ऐन उन्हाळ्यात पावसाळा. बुरशी जूनची वाट पाहत नाही मग. कूलर नसलेली आतली खोली, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं कपाट, जमिनीपासून फूटभर वर. घट्ट झाकणाच्या डब्यात कॅसेटी पुस्तकासारख्या उभ्या, प्रत्येक आपल्या कव्हरात, टेप पूर्ण एका बाजूला गुंडाळलेली. १५ लिटरच्या डब्याला रंग बदलणारं सिलिका जेल ५० ग्रॅम. रंग पालटला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दीड-दोन तास वाळवून परत टाका. जुलै ते सप्टेंबर दर महिन्याला पाहा. डांबराच्या गोळ्या टाकू नका, त्यांची वाफ प्लास्टिकवर बसते.

पावसाळ्यात एसीच्या खोलीतून कॅसेट बाहेर आणली तर लगेच लावू नका, दोन तास थांबा. ड्रमवर दव धरलं की टेप त्याला गुंडाळून बसते.

फाइली दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. कॅप्चर चालू असताना यूपीएस लावा. लाइट गेली की टेप ड्रमभोवती तशीच अडकते आणि कॅसेट ओढून काढायचा मोह होतो. ओढू नका. लाइट आली की मशीन आपणच टेप सोडते.