भाचा डेप्युटी शेरीफ झाला, म्हणजे नक्की कितवा नंबर?

माई_सातारा
मंडळी जरा समजावून सांगा. माझ्या बहिणीचा मुलगा, जन्म-शिक्षण सगळं कॅलिफोर्नियातच, तिथल्या एका काउंटीच्या (आपला जिल्हा असतो तसं) शेरीफ ऑफिसात डेप्युटी शेरीफ म्हणून लागला. फोन आला तेव्हा आम्हाला वाटलं डेप्युटी म्हणजे डेप्युटी कलेक्टर असतो तसं काहीतरी, शेरीफच्या खालोखाल हाच, मी गल्लीत पेढे वाटले. आता अकादमी संपल्यावर कळतंय की त्याला जेलमध्ये ड्यूटी लागलीय, रात्रपाळी, बराकीत फिरून कैदी मोजायचे. व्हिडिओ कॉलवर बघितलं तर बाहीवर फीत नाही, खांद्यावर काही नाही, छातीवर तेवढा चांदणीच्या आकाराचा बिल्ला. माझी आई ८१ वर्षांची आहे, ती रोज विचारते की पोराचं काही चुकलं का, साहेबाला जेलात का घातलं. आम्हाला शेरीफ म्हटलं की मुंबईचे शेरीफ आठवतात, गावसकर होते बघा, मानाचं पद. तिकडे काय भानगड असते?

कूपर्टिनोकर
माई, आधी आजींना सांगा की पोराचं काहीही चुकलेलं नाही. घोळ सगळा त्या डेप्युटी शब्दाचा आहे. इथे डेप्युटी म्हणजे शेरीफच्या वतीने काम करणारा, त्यामुळे रस्त्यावर गाडी घेऊन फिरणारा, कोर्टात दाराशी उभा राहणारा, जेल सांभाळणारा, सगळे डेप्युटीच, म्हणजे ही पहिली पायरी. त्याच्या वर सार्जंट, लेफ्टनंट, कॅप्टन, मग असिस्टंट शेरीफ आणि खरा दोन नंबर असतो अंडरशेरीफ, जे ऐकायला उलट खालचं वाटतं. मोठ्या काउंटीत पायऱ्या वाढतात, लॉस एंजेलिसला कॅप्टनच्या वर कमांडर आणि चीफ पण आहेत, काही ठिकाणी डेप्युटी आणि सार्जंटच्या मध्ये कॉर्पोरल असतो.

आणि सगळ्यात वरचा शेरीफ हा लोकांनी मतं देऊन निवडलेला असतो, नेमलेला नाही. आम्ही बॅलटवर त्याच्या नावापुढे खूण करतो. अर्थात कोणीही उठून उभं राहू शकत नाही, कॅलिफोर्नियात पोलिसी कामाच्या अनुभवाची अट आहे. एरवी मुदत ४ वर्षं पण २०२२ ला निवडून आलेल्यांना ६ मिळाली, कारण ती निवडणूक आता राष्ट्राध्यक्षाच्या वर्षी घ्यायची असं ठरलं, म्हणजे पुढची २०२८ ला.

जेलचं म्हणाल तर काउंटीचं जेल चालवणं हे शेरीफचं मुख्य काम आहे, केस चालू असलेले आणि कमी शिक्षेचे लोक तिथे असतात, मोठ्या शिक्षेचे तुरुंग राज्याचे, ते खातं वेगळं. नवीन डेप्युटीला बऱ्याच काउंट्यांत आधी जेलमध्येच घालतात, माणसांशी बोलायला, भांडण वाढायच्या आत शांत करायला तिथे शिकतो, मग कोर्ट, मग पेट्रोल म्हणजे गाडीतून गस्त. आमच्या कूपर्टिनोला तर स्वतःचं पोलीस खातंच नाही, सिटी काउंटीला पैसे देते आणि सांता क्लारा काउंटीचे डेप्युटी येतात. शेजारच्या सनीव्हेलला पुन्हा तिसराच प्रकार, तिथे एकच माणूस पोलीसही आणि फायरवालाही. मागे आमच्या गाडीची काच फोडून बॅग नेली तेव्हा रात्री जी मुलगी आली ती पंचविशीतली असेल, गुडघे टेकून टॉर्चच्या उजेडात सीटखालचे काचेचे तुकडे बघत होती, बोलता बोलता म्हणाली आधी दोन वर्षं जेलला होते. म्हणजे तुमच्या भाच्याचीच वाट.

निवृत्त_फौजदार
वर छान लिहिलंय, मी फीत-चांदणीचं सांगतो कारण ३४ वर्षं महाराष्ट्र पोलिसात काढली आणि अमेरिकेत मुलीकडे गेलो तेव्हा माझाही गोंधळ झाला होता. आपल्याकडे बाहीवर तीन फिती म्हणजे हवालदार. तिकडे तीन फिती सार्जंटला, पण त्याचं काम आपल्या फौजदाराच्या जवळ जातं, पाळीची माणसं त्याच्या हाताखाली, डेप्युटीने लिहिलेला रिपोर्ट तोच वाचून सही करणार. लेफ्टनंटला कॉलरवर एक पट्टी, कॅप्टनला दोन. आपल्याकडे पीएसआय दोन स्टार, पीआय तीन स्टार, तिकडे स्टार सुरू होतात ते फार वर, लॉस एंजेलिसच्या शेरीफला पाच. आणि डिटेक्टिव्ह ही बऱ्याच ठिकाणी रँक नसून नेमणूक असते, डेप्युटीच तपासाला बसतो.

आपल्या एसपीची सरकार कधीही बदली करतं, शेरीफची बदली करणारं वर कोणी नाही, सहसा लोकच घरी बसवतात. मला हा फरक सगळ्यात मोठा वाटला. कॅलिफोर्नियातल्या बहुतेक काउंट्यांत तर कॉरोनरही तोच, म्हणजे अचानक मृत्यूची चौकशी त्याच्याच ऑफिसकडे.

मुंबईचे शेरीफ मानाचे, एक वर्षासाठी नेमलेले, वर्दी-अधिकार काही नाही. पण त्यांचं ऑफिस हायकोर्टाचे समन्स, जप्तीची कामं बघतं, आणि अमेरिकेतले डेप्युटी पण कोर्टाचे कागद दारोदार नेऊन देतात, घर खाली करून देतात. मूळ इंग्लंडातलं आहे ना दोन्हीकडे.

माई_सातारा
तुमचे दोघांचे खूप आभार, आईला वाचून दाखवलं, आता जिवात जीव आला तिच्या. एकच, वरची पायरी कशी मिळते, नुसती वर्षं भरून का?

कूपर्टिनोकर
नाही, आधी प्रोबेशन म्हणजे कच्च्या नोकरीचा काळ संपवायचा, मग काही वर्षांच्या नोकरीनंतर सार्जंटची परीक्षा आणि मुलाखत. पण माई एक बघून घ्या, त्याच्या लेटरवर डेप्युटी शेरीफ आहे की करेक्शनल डेप्युटी. काही काउंट्यांत, आमच्या सांता क्लारातही, या दोन वेगळ्या लाईन आहेत आणि करेक्शनलवाल्याची नोकरी जेललाच असते, त्यांचे सार्जंट वगैरे पण वेगळे.

माई_सातारा
बहिणीला विचारलं, डेप्युटी शेरीफच लिहिलंय.

कूपर्टिनोकर
मग जेलनंतर कोर्ट किंवा गस्त. जागा निघाल्या की अर्ज करायला सांगा त्याला, आणि तोवर रात्रपाळीला आजींनी फोन करायचा असेल तर तुमच्या संध्याकाळी नको, तेव्हा तो नुकताच ड्यूटीवरून येऊन झोपलेला असेल.